झाडाची जबानी

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मोठ्या काकांना नमस्कार,

अक्षर अनोळखी वाटेल, म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आजी गेल्याचं तुम्हाला उशिरा कळलं होतं आणि तुम्ही दारातूनच परत गेलात. त्याला नऊ वर्षं झाली. तो दिवस उकरून काढायला हे पत्र नाही. माझं काम वेगळं आहे.

बाबांची फिरती करवत तुम्ही नवी असताना पाहिली होती. आता तिचा रंग उडालाय, पण रूप तेच. खाली दोन चाकं, वर लांब रूळ, रुळांवर सरकणारं इंजिन आणि त्याला आडवा ताणलेला दात्यांचा पट्टा. कुणाकडे झाड पडलं की ट्रॅक्टरमागे ओढत ती त्यांच्या दारात न्यायची, ओंडका रुळांमध्ये चढवायचा, पाचरी मारून घट्ट बसवायचा आणि तिथेच फळ्या पाडून द्यायच्या. सहा वर्षं मी बाबांच्या जोडीला आहे. मुलीच्या हातात करवत शोभत नाही असं काही लोक म्हणतात. जसं काही आम्ही शोभेसाठीच करतो.

बाबांचा एक नियम आहे. झाड रानातलं असेल तर सरळ पट्टा लावायचा. घराजवळचं असेल तर आधी जबानी. घरातल्या सगळ्यांनी ओंडक्याभोवती उभं राहायचं आणि म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत एकेकाने सांगायचं, मी या झाडात काय काय ठोकलं. कपड्यांच्या दोरीचा खिळा, फाटकाची बिजागरी, पाटीचा स्क्रू, काय असेल ते. झाड लोखंड गिळतं आणि वर साल धरतं. दहा वर्षांनी बाहेरून काही दिसत नाही, आणि लोहचुंबकाला दोन बोटांपलीकडचं कळत नाही. धावत्या पट्ट्याला खिळा लागला तर पट्टा तरी जातो नाहीतर माणूस. एका घरात सगळे बोलले, सून तेवढी गप्प. मग तिने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, सासूचा राग आला की मी एक खिळा ठोकायचे. एकवीस निघाले. सासूला बाबांनी सांगितलं, जुनं कुंपण असेल.

मागच्या जुलैत वादळात आपल्या अंगणातलं झाड पडलं. कमरेच्या उंचीवर दोन खोडांत फुटलेलं, ते. त्याचे दोन मोठे ओंडके झाले. जबानी घेतली. आईचे दोन खिळे, माझा एक, बाबांचे शाळेतल्या वयातले पाच. सगळे उपसले. तरी बाबा पट्टा लावेनात. दीड महिना थांबले. सप्टेंबरात एक दिवस म्हणाले, "काही असतं तर त्याने कळवलं असतं," आणि इंजिन सुरू केलं. पहिल्या ओंडक्याच्या तिसऱ्या फळीला पट्टा कशाला तरी लागून तुटला. पट्ट्यावरच्या झाकणाची खिटी ढिली होती, आज करू उद्या करू म्हणत राहिली होती. झाकण उघडलं आणि पट्टा बाहेर आला. बाबांच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी उरली.

जखम भरून आली, पण बाबा काही सावरले नाहीत. दिवसभर त्या दुसऱ्या ओंडक्याजवळ स्टुलावर बसतात. तो मला कापू देत नाहीत, आणि घरचं झाड अर्धवट टाकून करवत दुसऱ्याच्या दारी न्यायची नाही म्हणतात. पाच महिने यंत्र उभं आहे. माणसं विचारून विचारून दुसरीकडे जायला लागली. मी म्हणते, बाबा, मला सगळं येतं, मी चालवते. त्यांचं एकच, जबानी पुरी झाली नाही. कुणाची राहिली, असं खोदून खोदून विचारलं तेव्हा परवा म्हणाले, "दादाची. त्याला लिहिलं होतं."

म्हणून लिहिते. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. बाबांचं पत्र तुम्हाला मिळालं होतं का? आणि त्या झाडात तुम्ही कधी काही ठोकलं होतंत का? रागावला असाल तरी एवढं कळवा.

तुमची पुतणी

•

१५ फेब्रुवारी

चि. पोरीस आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. धाकट्याच्या हाताचं वाचून दुकानात बसवेना, तसाच उठून घरी आलो. लहानपणी तो त्या हाताने भिंतीवर घोडे काढायचा आणि मार मी खायचो.

तू विचारलंस म्हणून सांगतो. तसलं पत्र मला आलं नाही. टपालाचं काय सांगावं, माझ्या गल्लीत दोन बाइंडर आहेत आणि आमची पत्रं नेहमी एकमेकांकडे जातात. आलं असतं तर उत्तर पाठवलं असतं.

आणि झाडाचं म्हणशील तर माझ्याकडून त्यात काही ठोकलं गेल्याचं आठवत नाही. मी पुस्तकं बांधणारा माणूस. माझ्या हातात सुई, दोरा आणि खळ. लहानपणीही हातोडीशी माझं जमलं नाही. विसाव्या वर्षी मी ते घर सोडलं. बाबांना सांग, मनात काही ठेवू नका, खुशाल कापा.

तू काम शिकलीस हे ऐकून बरं वाटलं. तुझी काकू जाऊन चार वर्षं झाली. दुकान अजून उघडतो. कागद कापायचं टेबल जुनंच आहे, डुगडुगतं. एका पायाखाली पुठ्ठा घालतो, तो महिन्याभरात दबतो, मग दुसरा घालतो. माझं असंच चाललंय.

झाकणाची खिटी दुरुस्त केल्याशिवाय इंजिनाला हात लावू नकोस.

तुझा काका

•

२ मार्च

तीर्थरूप काकांना नमस्कार,

तुमच्या पत्राने काय झालं ते तुम्हाला तिथे बसून कळायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. "तसलं पत्र मला आलं नाही" या ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हणजे टपालाची चूक. दादाची नाही." आणि उठून तोंड धुऊन आले. त्या दिवशी किती महिन्यांनी त्यांनी आईला भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीठ कमी आहे म्हटल्यावर रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. काका, मी तुमच्याबद्दल मनात बरंवाईट बोलले होते. माफ करा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परवानगी दिली. मी खिटी नवी बसवली, वर तार गुंडाळली. पट्ट्याच्या दात्यांना कानशीने धार लावली. बाबा शेजारी बसून कानाने तपासत होते, एक दाता बोथट राहिला तरी त्यांना आवाजावरून कळतं. दुसरा ओंडका पलटून सरळ बाजू वर घेतली. त्याच्या तोंडावर बटणाएवढा निळसर काळा डाग आहे. आत लोखंड असलं की लाकूड असं निळं पडतं, पण कधी नुसतं कुजलं तरी पडतं. एवढे दिवस बाबा त्या डागाकडेच बघत बसायचे. आता म्हणतात, दादाने सांगितलंय ना, मग कुजलंच असेल.

बारा तारखेला सकाळी पट्टा लावायचं ठरलंय. इंजिनावर मी एकटी, बाबा स्टुलावर. ते झालं की करवत पुन्हा लोकांच्या दारी जाईल आणि ती मी नेईन, असं त्यांनी शेजाऱ्यांसमोर सांगितलं. मला हेच हवं होतं.

पट्टा ज्या लोखंडाला लागला ते मी छिन्नीने कोरून काढून ठेवलंय. आत सहा बोटं खोल होतं. घरात कुणालाच ओळख पटत नाही. सोबतच्या कागदावर ते आडवं ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आहे. जाडी पेन्सिलीएवढी, लांबी वीतभर, एक टोक घासून अणकुचीदार केलेलं आणि दुसऱ्याला वळवलेला डोळा. कुणीतरी हाताने केलेलं दिसतं. तुम्हाला काही वाटलं तर कळवा. नाही वाटलं तर पुस्तकात खूण म्हणून ठेवा.

तुमची पुतणी

•

तार

११ मार्च

कापू नका. दुसऱ्या ओंडक्यात लोखंड आहे. पत्र येतंय. काका.

•

११ मार्च, दुपार

पोरी,

तार करून आत्ताच परत आलो. ती उद्या सकाळी तुझ्या इंजिनाच्या आधी पोचो, एवढंच मनात आहे. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

तुझं पाकीट आज अकरा वाजता आलं. तो कागद उलगडला आणि पाहताक्षणी ओळखलं. ती बादलीची कडी आहे. अर्धी कडी. आपली बादली तुटली होती, तिची कडी मी मधून वाकवून वाकवून तोडली आणि दोन्ही तुकड्यांची टोकं पायरीच्या दगडावर घासली. डोळे आधीचेच होते, बादलीच्या कानात अडकवायचे. मी दहा वर्षांचा होतो. धाकटा तीन महिन्यांचा. घरात त्याला उकडायचं, रडून रडून काळानिळा व्हायचा. आई त्या झाडाखाली बसून दुपारचं निवडटिपण करायची. मी एक तुकडा डाव्या खोडाला ठोकला, एक उजव्या खोडाला, दगडाने, आणि दोन्हींच्या मध्ये पाळणा बांधला. आई बसल्या जागेवरून हात उंच करून दोरी हलवायची. तो झोपायचा. बादली मोडली म्हणून वडिलांनी मला फोडून काढलं. मार लक्षात राहिला आणि कड्या विसरलो, असा मी माणूस.

म्हणजे उरलेल्या खोडात दुसरी आहे. तो निळा डाग कुजल्याचा नाही.

आता दुसरं. हे लिहिणं जास्त जड आहे. तुझ्या बाबांचं पत्र मला आलं होतं. जुलैतच आलं होतं. मी ते फोडलं नाही. आई गेल्याचं त्याने मला सगळं आटोपल्यावर कळवलं, तेव्हापासून त्याची जेवढी पत्रं आली, नऊ आली, ती सगळी मी टेबलाच्या खणात न फोडता टाकली. दिवसभर लोकांचे कागद कापणारा माणूस मी, आणि भावाच्या पाकिटाला सुरी लावली नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा खण उघडायला हवा होता. लाज वाटली. पत्र आलं नाही असं लिहिणं सोपं होतं, ते लिहिलं. आणि वर खुशाल कापा म्हणून तुला त्या ओंडक्यावर धाडलं.

आज सगळी फोडली. पहिल्याच पत्रात त्याने लिहिलंय, "आई म्हणाली, त्याच्या बायकोचं ऑपरेशन आहे, ते होईपर्यंत कळवू नको. मी तिचं ऐकलं, चुकलं असेन." नऊ वर्षं हा कागद माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होता.

जुलैच्या पत्रातलं इथे उतरवतो, कारण आता ते तुझंही आहे. "दादा, अंगणातलं झाड पडलं. कापायचं आहे. सगळ्यांची जबानी झाली, तुझी राहिली. माझ्या आधी दहा वर्षं तू त्या झाडाखाली होतास, त्यातलं मला काही ठाऊक नाही. काय ठोकलं असशील ते सांग. राग असू दे, एवढं सांग. दुसरं असं, की फळ्या सुरेख निघतील. तुझ्या दुकानातलं टेबल अजून डुगडुगतं का? नवं करून देतो. माप कळव."

पोरी, त्याच्या हाताची बोटं माझ्या खणात गेली. हे त्याला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. टपालाची चूक समजून तो जेवायला लागला असेल तर तसंच राहू दे असं एकदा वाटतं, आणि लगेच वाटतं की पुन्हा मी सोपं तेच करतोय. मला ठरवता येत नाही. तू कापलं नसशील तर दोन ओळी टाक. त्या येईपर्यंत दुकान बंद ठेवतोय.

तुझा काका

•

२७ मार्च

काकांना,

आधी तेच सांगते. मी शाबूत आहे.

तारवाला आला तेव्हा इंजिन चालू होतं. सालीकडची पहिली फळी सुटली होती आणि मी पट्टा एक इंच खाली घेऊन दुसऱ्या फळीला लागले होते. पट्टा ओंडक्यात हातभर शिरला असेल. तारवाला फाटकातूनच हाका मारत होता. इंजिनापुढे कुणाला ऐकू येणार? बाबांनी त्याला पाहिलं. उठून त्यांनी सरळ इंजिनाची डिझेलची नळी बंद केली, त्या दोन बोटांच्या हाताने. मी चिडले, फळीवर खाच पडली म्हणून. मग त्यांनी तार माझ्या हातात दिली. पट्टा मी हाताने मागे ओढून काढला. ओंडका तसाच रुळांवर आहे.

तुमचं पत्र चार दिवसांनी आलं. वाचलं आणि मला तुमचा इतका राग आला की ते मी कानशींच्या डब्यात तळाला टाकलं. आठ दिवस तिथेच होतं. तुम्ही खणात टाकलीत, मी डब्यात टाकलं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आणखी राग आला. बाबा जेवत होते, बोलत होते, शेजाऱ्यांना सांगत होते की माझ्या दादाने बघा तार केली. मी ते ऐकत राहायचे आणि उठून जायचे. नवव्या दिवशी बाबाच म्हणाले, "तारेमागून पत्र आलं असेल. आण."

सगळं वाचलं. एक ओळ गाळली नाही. तुम्ही ठरवायचं माझ्यावर टाकलंत, ते मला आवडलं नाही, पण ठरवलं मीच. खणाची गोष्ट आली तेव्हा बाबांनी मान खाली घातली. पाळण्याची आली तेव्हा म्हणाले, ती कडी दे. अंगठा आणि करंगळीत धरून बराच वेळ बघत होते. "म्हणजे मी याला टांगलेला होतो," म्हणाले. दोन दिवस पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. मला वाटलं, संपलं, आता हे यंत्र गंजणार आणि हा माणूस पण. आई मला म्हणाली, खरं सांगून काय मिळवलंस?

काल सकाळी त्यांनी कागद आणि सुताराची पेन्सिल मागितली. उजव्या हाताने धरायला येत नाही, डाव्याने लिहिलं. एक पान लिहायला दुपार झाली. मी बघायला गेले तर कागदावर हात आडवा धरला. पाकीट त्यांनीच चिकटवलं, ते यात घालते आहे. आत काय आहे मला माहीत नाही.

माझा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू? पण तार केलीत म्हणून माझी दहा बोटं आहेत, हेही मी विसरत नाही.

तुमची पुतणी

•

(आतलं पाकीट)

दादा,

डाव्या हाताचं लिहितोय. वेलांट्या उलट्या गेल्या असतील तर हसू नको.

पत्र आलंच नाही असं तू लिहिलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. टपालावर ढकललं की घरातल्या कुणावर रागवावं लागत नाही. ते खोटं निघालं तेव्हा दोन दिवस तुझं नाव काढू नये असं झालं. पोरगी त्या ओंडक्यावर होती, दादा. माझं एक वेळ सोड.

मग आईचं आठवलं. तिचं ऐकून मी तुला उशिरा कळवलं, आणि तू रागावून मला उशिरा कळवलंस. त्याने बोटं परत येत नाहीत आणि आईही येत नाही. पण पत्रं तू फेकली नाहीस. नऊच्या नऊ ठेवलीस. न फोडता का होईना, ठेवलीस, हे मी धरून बसलोय.

मला ते उकाड्यातलं रडणं आठवायचं काही कारण नाही. पण तू मार खाऊन पाळणा बांधलास, हे अठ्ठावन्न वर्षं मला कुणी सांगितलं नाही. तूसुद्धा नाही.

आता कामाचं. कडी या दुसऱ्या खोडात, आईचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, असं तू लिहितोस. त्यावर छिन्नी कुठे मारू? ओंडका चार वेळा पलटलाय, वरखाली राहिलं नाही. आणि आई बसली की तिचा हात कुठवर पोचायचा ते आता तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. जबानी पत्राने घेत नाहीत. समोर उभं राहून लाकडावर बोट ठेवायचं असतं. ते तू ठेव. कडी काढू, मग पोरगी कापेल, आपण दोघं बाजूला बसू.

माझ्या पत्रात दोन प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर मिळालं. टेबलाचं माप तू अजून सांगितलेलं नाहीस.

ते पत्राने कळवू नको. घेऊन ये.

धाकटा